कुंभारणीला थारा

प्रिय आई,

नंदिगड्ड्याहून तुझ्या सुनूचा नमस्कार. मी बरी आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

कपाटामागे बारीक कमरेची एक काळी माशी मातीचं घरटं बांधत होती. डसेल म्हणून मी झाडू उचलला, तर सासूबाई म्हणाल्या, "थांब गं! कुंभारीण हाय ती, उगाच डसत न्हाई. पिल्लं उडून गेली की मग काढ."

तीन आठवडे तो कोपरा मी झाडलाच नाही. काल मातीला भोक पडलं आणि पिल्लू बाहेर आलं. मी खिडकी उघडून दिली.

आई, मागच्या वेळी दिवस राहिल्याबरोबर तुला कळवलं, आणि मग आपण दोघी किती रडलो! म्हणून या वेळी गप्प राहिले. आता चौथा लागलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं ठीक आहे.

बाबांना तूच सांग.

तुझीच,
सुनयना