खोली राखायला

३ नोव्हेंबर
आले बाई एकदाची नव्या खोलीत! मी चौथीपर्यंत शिकलेली, पण नात जान्हवी म्हणाली, आजी, रोज लिही, मी आले की तपासते. म्हणून हे. सातवा मजला. मोरी आत, संडास आत, नळ फिरवला की पाणी! गेल्या वर्षी घाटकोपरच्या डोंगराची दरड आली नि आमची अख्खी गल्ली गाडली, त्याच्या बदल्यात ही मिळाली, गोवंडीच्या पुढे, कंपन्यांच्या शेजारी. माझा मुलगा नंदू म्हणाला, सरकारी साहेब बघायला येतो, कुलूप दिसलं की खोली काढून घेतात. तू आठ दिवस राहा, जान्हवीची परीक्षा झाली की मुलुंडची भाड्याची जागा सोडून आम्ही येतोच. राहते की! मला काय, लिफ्टमधून दोनदा उगाच खाली-वर करून आले.

५ नोव्हेंबर
गॅलरीत बोंबील वाळत घातले. डोंगरावर काठी घेऊन बसावं लागायचं, मांजर काय, कावळे काय. इथे एक माशी नाही! झकास वाळले. निशाची, म्हणजे सुनेची आई असती तर खूश झाली असती. बोंबलाच्या चटणीवर जीव तिचा. शिमग्याला गावी गेली नि दम्याने तिथेच वारली, असं नंदू सांगत आला. चांगली होती हो, माझ्याशी कधी विहिणीसारखी वागली नाही.

८ नोव्हेंबर
सकाळी धुकं उतरलं की वास येतो. सडक्या अंड्याचा, वर गोडूस. डोळे चुरचुरतात. चांदीचं निरांजन घासून ठेवलं, जेवून उठले तर काळं. नंदूला फोन केला. म्हणाला, नवा रंग आहे गं आई, उडेल. रंगाचा वास मला कळत नाही होय? यजमान गिरणीत रंगखात्यातच होते. खोकला लागलाय. जान्हवी आली नाही.

११ नोव्हेंबर
शेजारच्या कमळबाईंकडे बसले. या मजल्यावर पोर नाही, सून नाही. दारागणिक एकेक म्हातारी. मी आठच दिवस आहे म्हटलं, तर हसली, हसता हसता खोकली. म्हणाली, तुलापण आठच सांगितले का गं? पलीकडे कोपऱ्यातल्या खोलीत आता ही तिसरी बाई म्हणे. एक गेली की घरचे दुसरी आणून ठेवतात, खोली राखायला. तुझ्या खोलीतली, तुझ्याआधीची पण भली होती, म्हणाली. हनुवटीवर गोंदण. सारखी बोंबलाच्या चटणीची आठवण काढायची.
गोंदण निशाच्या आईला होतं —
गावी गेलीच नव्हती ती.

१२ नोव्हेंबर
नंदूला सरळ विचारलं. म्हणाला, जान्हवीसाठीच ना गं सगळं, खोली राहिली तर पोरीला होईल. मला घेऊन जा म्हटलं. नेतो म्हणाला. मग एकदम गोड आवाजात त्यानेच विचारलं, गावाला मालन मावशी एकटीच असते ना?
मालन माझी धाकटी बहीण. तिची चौकशी आत्ता कशाला —
तापात याला पाठुंगळीला घेऊन डोंगर उतरायचे मी. याला.

१४ नोव्हेंबर
कंपनीचा भोंगा झाला. वास — खिडकीला ओली चादर लावली. माझा आवाज गेला. फोन वाजतो, बोलता येत नाही. कमळबाईंचं दार वाजवलं. उघडलं नाही. परत येऊन कडी घातली, मग उभं राहवेना —

१५ नोव्हेंबर
फोन थांबला. नंदूला वाटलं असेल, मी —

लिफ्ट आली. मी दाराशी आडवी आहे. फटीतून नंदूच्या चपला. शेजारी मालनचे पाय. विचारतेय, ताई कुठाय रे? म्हणतो, आमच्याकडे मुलुंडला. तू आठच दिवस राहा मावशी. थांब इथेच, आधी मी आत बघून येतो.
किल्ली फिरवतोय. आत कडी. दार अडकलंय म्हणतो तिला.
हाक निघत नाही. पान फाडून खालून सरकवते — मालन, मागे फिर.
पण मालन शाळेत गेली नाही. उचलणार नंदूच. तो तिला काय वाचून —