सात अंगांचा नमस्कार

ज्याच्या कृपेने आत घेतलेला श्वास बाहेर येतो आणि बाहेर गेलेला पुन्हा आत येण्याची तसदी घेतो, त्या परमेश्वराला प्रथम वंदन. या कृपेची खरी किंमत मला अलीकडेच कळली आहे. कशी, ते पुढे येईलच.

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी धाकट्याचा सात अंगांचा नमस्कार, विनंती विशेष.

लेखणी सवयीने 'साष्टांग' लिहायला निघाली होती, तिला मी आवरले. शास्त्राने नमस्काराची जी आठ अंगे सांगितली आहेत त्यांत छाती हे एक अंग येते, आणि माझी छाती जमिनीला टेकवण्यास डॉक्टरीणबाईंची सक्त मनाई आहे. निवृत्त न्यायाधीशाच्या पायाशी आठ अंगे लिहून सातच टेकवायची, म्हणजे शपथेवर खोटे बोलणेच झाले. तेव्हा मस्तक, दृष्टी, मन, वाणी इत्यादी सात अंगे आपल्या चरणी हजर आहेत. आठवे रजेवर आहे, पण त्याची प्रकृती उत्तम आहे.

इकडील सर्व क्षेम. आपल्या डोळ्यांत औषधाचे थेंब वेळेवर पडत असतील, वहिनींचे गुडघे जिना चढू देत असतील, आणि आपली टपाल ऐकण्याची बैठक (आपण आरामखुर्चीत डोळे मिटून, वहिनी दिव्याखाली मोठ्याने वाचताहेत, आणि सारे घर कानांत प्राण आणून) पूर्ववत भरत असेल, अशी आशा करतो. घरातील सर्वांनी जवळ सरकून बसावे. मजकूर लांबणार आहे.

आपले पत्र पोचले. वरचा मायना आणि खालची सही सोडली तर बाकीचे सारे आरोपपत्रच होते. पहिला आरोप असा, की जन्मभर व्यासपीठावर बसून देहाची नश्वरता सांगणाऱ्या या गृहस्थाने उतारवयात शोभेसाठी स्वतःची छाती कापून घेतली. दुसरा असा, की आपल्या कन्येचा नियोजित वर आशीर्वादाला आला असता याच गृहस्थाने त्याला आशीर्वाद नाकारला, आणि त्यामुळे मुलाच्या आईने लग्नाची तारीख पुढे ढकलली. शिक्षा अशी, की मी त्यांच्या घरी जाऊन 'पित्ताच्या खड्याचे ऑपरेशन होते, वेदनेत होतो' असे सांगून क्षमा मागावी, आणि तोवर आपल्याला तोंड दाखवू नये. दादा, आपण आयुष्यभर दुसऱ्या बाजूचे ऐकल्याशिवाय कधी निकाल दिला नाहीत. धाकट्या भावापुरती ही सवलत काढून घेतलेली दिसते. तरी माझे म्हणणे नोंदवतो. छाती कापली हे मान्य, शोभेसाठी हे अमान्य. आशीर्वाद नाकारला हे साफ अमान्य. शिक्षा नामंजूर.

आता प्रकरण मुळापासून. मिसरूड फुटण्याच्या वयात माझ्या छातीला जी बायकी वाढ आली, ती मिसरुडाबरोबर आली आणि मिशा पांढऱ्या झाल्या तरी गेली नाही. हे पाप नव्हे, आळस नव्हे, जास्त जेवण्याचे फळही नव्हे. डॉक्टरीणबाई म्हणतात, हे पुष्कळ पुरुषांना असते आणि त्यांतले बहुतेक सगळे ते लपवण्यात आयुष्य घालवतात. मी ते शालीखाली घालवले. प्रवचनाच्या सभागृहात उन्हाळ्याच्या भर दुपारी पंखे गरम वारा फेकत असताना मी लोकरीची शाल पांघरून बसायचो, आणि श्रोते आपसांत म्हणायचे, 'केवढे हे तप!' (एका बाईंनी तर माझे पाहून आपल्या यजमानांनाही शाल पांघरायला लावली. त्या बिचाऱ्याला अंगभर घामोळे आले. त्याचे पुण्य कोणाच्या खाती गेले, देव जाणे.)

गेल्या उन्हाळ्यात वैराग्यावर बोलताना मला भोवळ आली. पहिल्या रांगेतल्या दोघांनी धावत येऊन माझी शाल सोडायला हात घातला, आणि मी, नुकतेच 'काहीही धरून ठेवू नका' असे सांगून संपवलेला मी, ती शाल दोन्ही मुठींनी अशी धरली की मनगटे सुजली. शुद्ध गेली पण मूठ सुटली नाही. शुद्धीवर आल्यावर मी विचार केला: ज्याला देहाची आसक्ती नाही त्याला शालीची एवढी आसक्ती का असावी? आपण म्हणता, मी देहाचे लाड केले. दादा, मी तर एका शालीच्या गुलामगिरीतून सुटलो. देह हे भाड्याचे घर आहे हे मीच हजारदा सांगितले आहे. पण भाडेकरूने दाराचे अडलेले कवाड सरळ करून घेऊ नये, असे कोणत्याही शास्त्रात मला सापडलेले नाही, आणि शास्त्रे मी आपल्यापेक्षा अधिक चाळली आहेत. शिवाय देह नश्वर आहे या एकाच मुद्द्यावर निकाल द्यायचा, तर आपली कवळी, आपल्या डोळ्यांतले नवे भिंग आणि आपल्या मिशीवरचा कलप यांनाही साक्षीला बोलवावे लागेल.

ऑपरेशन यथासांग पार पडले. काढलेला भाग तपासणीला पाठवला होता, त्यात वाईट काही निघाले नाही. जखमा सुकल्या आहेत, सूज उतरते आहे, आणि कडेचा जांभळा रंग आता पिवळ्यावर आला आहे. खरा प्रसंग आहे तो जखमेवर दाब राहावा म्हणून दिलेल्या बनियनचा. हिला बनियन म्हणणे म्हणजे तुरुंगाला खोली म्हणण्यासारखे आहे. दिवसरात्र घालायची, पुढून आकड्यांची रांग, आणि कापड असे की धाप लागायची तर तिचीही परवानगी घ्यावी. ती लावण्याचे काम आपल्या भावजयीकडे आहे.

"श्वास सोडा," ही म्हणते. मी सोडतो. "अजून सोडा." मी शिल्लक असलेला सोडतो. "आता घेऊ नका."

"घेऊ नका म्हणजे कुठवर?"

"मी सांगेपर्यंत. आणि बोलू नका, बोललात की पोट पुढे येतं. जन्मभर बोललात की!"

प्राणायामावर मी आजवर जे जे बोललो ते सर्व मी मागे घेतो. श्वास रोखणे कशाला म्हणतात, ते आकड्यांच्या त्या रांगेपाशी कळते.

बनियनखालोखाल जाच पथ्यांचा. उताणेच झोपायचे, पाठीशी उशांचा उतार करून. जड उचलायचे नाही. माझी सर्वांत जाड पोथी हिने 'जड' या सदरात घालून कपाटात कुलूपबंद केली आहे. रोज थोडे चालायचे. मी बिछान्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून देवाच्या फळीपर्यंत येरझारा घालतो. आणि सर्वांत महत्त्वाचे: डॉक्टरीणबाईंनी पुन्हा परवानगी देईपर्यंत कोपरे बरगड्यांना लागलेली असली पाहिजेत, हात खांद्याच्या वर जाता कामा नयेत. दादा, पुढचा सारा अनर्थ या एका वाक्यातून झाला.

पण त्याआधी भावजयीचा पराक्रम ऐका. हिने घराण्याची अब्रू राखण्याचे मनावर घेतले, आणि दारात जो येईल त्याला वेगळे ऑपरेशन सांगितले. शेजारच्या पोस्टमास्तरांना पित्ताचा खडा, दूधवाल्याला हर्निया, सभागृहाच्या चिटणीसांना डोळे. परिणामी पोस्टमास्तरांनी खडा विरघळवणारा एक कडू काढा आणून स्वतः समोर उभे राहून मला पाजला. दूधवाला रोज 'खोकू नका हं आजोबा' असे बजावून जातो. आणि चिटणीस येऊन, माझ्या डोळ्यांना ताण नको म्हणून, मला माझेच जुने प्रवचन मोठ्याने वाचून दाखवून गेले. (फार कंटाळवाणे आहे. श्रोत्यांविषयीचा माझा आदर दुणावला.) मला हिने बोलू दिले नाही. "तुम्ही तोंड उघडलंत की खरं बोलता," असा तिचा माझ्यावर आक्षेप आहे.

अशा अवस्थेत आपली कन्या नियोजित वराला घेऊन आली. मुलगा पूल बांधणारा इंजिनियर, उंच, सरळ. त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला आणि मान खाली घालून थांबला. साऱ्या गोतावळ्यात माझा आशीर्वादाचा हात प्रसिद्ध आहे, तो सरळ डोक्याच्या वर जातो आणि मगच खाली येतो, हे आपण जाणता. मुलीने त्याला आधीच सांगून ठेवले होते, 'काकांचा हात वर गेला की समजायचं, झालं!' तो वाट पाहत राहिला. माझी कोपरे बरगड्यांशी जखडलेली. मी मांडीवरचा पंजा तेवढा मनगटातून उचलला आणि बोटे हलवली. मागाहून आरशात करून पाहिले, दादा. 'पुरे, निघा' असे कोणाला सांगायचे झाले तर नेमके असेच दिसेल. त्याच क्षणी बनियनखाली डाव्या टाक्यापाशी अशी खाज सुटली की माझा चेहरा वाकडा झाला. मुलगा पांढराफटक.

"काका, तुम्हाला पसंत नाही का?" पोरीने विचारले. मला हसू आले. पण हसले की टाके ओढतात, म्हणून ओठ चावले आणि जेवढा श्वास हाताशी होता तेवढ्यात मावेल असे बोललो. ते शब्द होते, "देवाची इच्छा."

ही म्हणते, मी कोणाच्या मयताला गेल्यावर जसे म्हणतो तसेच म्हणालो.

तर आशीर्वाद नाकारल्याची हकीकत ही अशी. आता शिक्षेविषयी. पित्ताचा खडा मी सांगणार नाही. मला कधी खडा झाला नाही, आणि त्या निरपराध पित्ताशयावर मी आळ घेणार नाही. घराण्याची अब्रू माझ्या छातीवर उभी होती असे आपले म्हणणे असेल, तर ती आता हलकी झाली आहे असे समजावे. काल मी हिचा डोळा चुकवून (ती दूधवाल्याला हर्नियाची ताजी खबर देत होती) मुलाच्या आईंना फोन लावला. नाव, गाव, शरीराचा भाग, सर्व सरळ सांगितले. मी म्हटले, बाई, जे बोलायचे ते बोला, माझे सगळे कापून झाले आहे. तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या डॉक्टरांचा पत्ता मिळेल का? माझा भाऊ... तो गळ्यापर्यंत गुंड्या लावतो." मग आम्ही दोघेही हसलो. टाके ओढले. ओढू देत.

मोठ्यांपुढे वाणी अधिक चालली असल्यास क्षमा असावी. अर्थ मात्र एक अक्षरही मागे घेत नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद (सध्या मनगटातून).

आपला आज्ञाधारक, परंतु या बाबतीत नव्हे,
धाकटा

ताजा कलम: पत्र बंद करण्याआधी डॉक्टरीणबाई तपासून गेल्या. हात वर न्यायची मुभा मिळाली. संध्याकाळी मुलगा आणि आपली कन्या पुन्हा आली होती. हात डोक्याच्या वर गेला, दादा, पूर्ण वर, आणि वरून खाली आला. पूल बांधणारा तो उंच माणूस लहान मुलासारखा रडला. लग्नाची तारीख पुन्हा पहिलीच कायम झाली आहे. पालथे झोपण्यास मात्र अजून मनाई आहे, त्यामुळे नमस्कार अद्याप सात अंगांचाच.

आणखी एक: (वहिनी, इथून पुढचे आपण मनात वाचावे, आणि मग दादा एकटे असताना त्यांच्या कानाशी.) दादा, लहानपणी साऱ्या आळीची मुले नदीत उड्या मारत असत आणि काठावर त्यांचे कपडे राखत दोघे भाऊ बसलेले असत. मी का बसत होतो ते मला ठाऊक होते. आपण का बसत होता, ते मी कधी विचारले नाही. पुढे आपल्याला न्यायाधीशाचा झगा मिळाला आणि मला शाल. निवृत्तीनंतरही, घरात, उन्हाळ्यात, आपण कोट काढलेला वहिनींखेरीज कोणी पाहिलेला नाही. आपले पत्र इतके तापट का होते, ते मला चौथ्या वाचनात कळले. मी आपल्यासाठी डॉक्टरीणबाईंची वेळ घेऊन ठेवली आहे. आपल्या वयाला आणि औषधांना झेपेल का, ते त्या तपासून ठरवतील. नाही म्हणाल्या तर नाही. काहीच करायचे नसेल तरी या, कोट काढून माझ्या खिडकीत वाऱ्याला बसा. पण करायचे ठरले, तर माझी बनियन धुऊन ठेवली आहे, आणि अंगाने आपण दोघे सारखेच. आकडे लावायला आपली भावजय तयार आहे. दारात येणाऱ्यांना आपल्याविषयी ती काचेच्या कारखान्यातला अपघात सांगणार आहे, तेवढे सहन करावे. मी बरा झालो की आपण दोघे पोहायला शिकू. कपडे कोणीतरी दुसरे राखील.

वडीलधाऱ्यांना आशीर्वाद देण्याचा मला अधिकार नाही. पण बऱ्याच काळाने हात वर गेला आहे, आणि तो रिकामा खाली आणायचे माझ्याच्याने होत नाही. तेव्हा हे पत्र जो वाचेल, जो ऐकेल, आणि जो दाराआडून कान लावून असेल, त्या प्रत्येकाला जगाच्या मालकाच्या कृपेने पुरा श्वास लाभो, आपल्या अंगावर आपले अंग ओझे न होवो, आणि भर उन्हाळ्यात कोणालाही शाल न लागो.