वरची बरणी, खालची बरणी

११ जानेवारी

आता मिठाचीही चौकशी! सकाळी मशीनवर बसणार, तोच दारात एक पोरगी उभी. तोंडापेक्षा चष्मा मोठा. म्हणे आरोग्य केंद्रातून आलेय, मिठावर संशोधन चाललंय, तुमची गल्ली निवडलीय. निम्म्या घरांना नेहमीचं मीठ, निम्म्यांना दुसरं. दुसऱ्यात सोडियम कमी, पोटॅशियम जास्त. त्याने रक्तदाब उतरतो आणि झटके टळतात, असं ठिकठिकाणी दिसलंय म्हणे. आपल्यासारख्यांच्या रोजच्या स्वयंपाकात कितपत फरक पडतो ते त्यांना बघायचंय. कुणाला कुठलं मीठ ते सांगणार नाहीत!

"तुला तरी ठाऊक आहे का?" मी विचारलं.

"नाही हो मावशी. ते एकट्या मोठ्या डॉक्टरांना ठाऊक."

घ्या! वाटणारीलाच पत्ता नाही. मी नाहीच म्हणणार होते. तेवढ्यात वरून थोरलीची हाक — "कोण आलंय गं? वर पाठव!" झालं. चष्मेवाली वर गेली आणि अर्ध्या तासात आम्हा दोघींची नावं लिहून, रक्त काढून खाली आली.

थोरली म्हणजे माझी जाऊ. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, अजून सगळ्या जगाला वर्गात बसवते. गेल्या वर्षी झटका आला तिला. तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, डावा पाय ओढत चालते. तेव्हापासून जिना उतरलेली नाही. आवाज मात्र दिवसभर उतरत असतो.

१९ जानेवारी

पाकिटं आली. वर हिरवं, खाली पिवळं. आमची दोन घरं धरली आहेत कारण स्वयंपाकघरं दोन. दोघे भाऊ पाण्याच्या मोटारीवरून भांडले आणि चुली वेगळ्या झाल्या. भाऊ गेले दोघेही. चुली राहिल्या.

आणि नियम काय — एकमेकींकडचं खायचं नाही! चष्मेवाली हात जोडून म्हणाली, "मावशी, एवढं पाळा, नाहीतर आकडे बिघडतील." अगं, तीस वर्षं आमच्या जिन्यावरून भाजीची वाटी वर जाते आणि कधी रिकामी खाली येत नाही. भांडण असलं तरी जाते. आदळत जाते, पण जाते.

थोरली म्हणाली, "नियम म्हणजे नियम." सहज म्हणाली. मला राग आला. तिला काहीच वाटू नये?

२२ जानेवारी

भाजी झकास जमली होती. सवयीने वाटी भरली. तिसऱ्या पायरीवरून परत आले.

२ फेब्रुवारी

आज रविवार, थोरलीकडे झाडलोट केली. ओटा पुसताना तिची मिठाची बरणी उघडी दिसली. चिमूटभर जिभेवर टाकलं. खाली येऊन माझं टाकलं. पुन्हा पाणी पिऊन पुन्हा माझं. फरक आहे! माझं मागाहून जरासं कडसर लागतं, पोटॅशियमच असणार. भाजीत कळत नाही, नुसतं खाल्लं की कळतं. म्हणजे चांगलं मीठ माझ्याकडे आलंय आणि वर साधंच.

हा काय न्याय! झटका तिला आला, आणि औषधी मीठ मला? गल्लीत त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या असतील, हे मान्य. पण चिठ्ठीला कुठे माहीत आहे, की त्या दिवशी ती बाथरूमच्या दाराशी पडली होती आणि माझा हात घट्ट धरून मला नुसतं "ध... ध..." म्हणत होती. "धाकटे" म्हणायचं होतं तिला.

पुन्हा तसलं काही झालं तर मला नाही सोसायचं. एवढं खरं.

५ फेब्रुवारी

चष्मेवालीला आडून विचारून पाहिलं, पाकीट बदलून मिळेल का. "नाही मावशी." थोरलीला सांगून तर उपयोगच नाही. ती मलाच नियम समजावून सांगेल, वर उजळणी घेईल.

९ फेब्रुवारी

केलं!

सासूबाईंनी आम्हा दोघींना सारख्या बरण्या दिल्या होत्या — पांढऱ्या, चिनीमातीच्या, निळ्या काठाच्या. भांडण नको म्हणून सगळंच सारखं द्यायच्या त्या. लहानशा आहेत, आठवड्याला भराव्या लागतात. थोरली रविवारी सकाळी भरते. मी माझी पिवळ्या पाकिटातून भरली, पिशवीत घातली आणि वर गेले. ती आंघोळीला गेल्यावर माझी तिच्या ओट्यावर, तिची माझ्या पिशवीत. जसा काही दागिनाच चोरत होते! दर रविवारी करणार. तिला काडीची शंका नाही. वेणी घालताना म्हणाली, "आज गप्प का गं? तब्येत बरी आहे ना?"

बरी आहे म्हटलं. आता तुमचीही राहील — हे मनात.

१५ फेब्रुवारी

आज उगाच चिमूटभर मीठ जिभेवर टाकलं. कडसर! हे तर थोरलीचं साधं मीठ. बरणीच्या तळाशी माझं जुनं चिकटलं असेल. नाहीतर जीभच गेली माझी. चार वाजेपर्यंत कारखान्यात गणवेशांची काजं करायची, तोंडात सतत दोरा. चव राहणार कुठून!

२० फेब्रुवारी

थोरलीचा व्यायाम घ्यायला येतो तो मुलगा भलताच खूश. "काकू, पायात चांगलीच ताकद आलीय, दुपारचं काय करता तुम्ही?" थोरली साळसूदपणे म्हणाली, "तूच सांगितलेलं करते." मी मनात म्हटलं, पोरा, ही मिठाची करामत आहे!

आज खूप छान वाटलं. येताना केळी आणली. केळ्यात मीठ नाही, नियम मोडत नाही. अर्धी वर दिली.

१ मार्च

चष्मेवाली रक्तदाब बघून गेली. माझा चांगलाच उतरलाय. थोरलीचा होता तिथेच!

हे काय त्रांगडं? मीठ खातेय ती आणि रक्तदाब उतरतो माझा? वर थोरली किती खूश! "बघू, बघू," म्हणून माझ्या नावापुढचा आकडा स्वतः वाचला आणि चक्क टाळी दिली मला. स्वतःच्या आकड्याकडे ढुंकून पाहिलं नाही. वेडी आहे. जीव लावून ठेवते माणसाला आणि स्वतः बेफिकीर.

४ मार्च

रक्तदाब हटत नाही म्हणून थोरलीच्या हृदयाच्या डॉक्टरांनी एक नवी गोळी वाढवली. मी म्हटलं, बरंच झालं. मीठही आणि गोळीही. आता कसा उतरत नाही ते बघते.

९ मार्च

बरणी बदलली. आता हात सरावलाय. थोरली आंघोळीत गात होती.

१५ मार्च

लिहायला हात वळत नाही.

चष्मेवाली आली होती. थोरलीने नवी गोळी दाखवली. पोरगी म्हणाली, "हो, तुम्ही फोनवर सांगितलंत तेव्हाच मी मोठ्या डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले, तुमच्या पाकिटाला हरकत नाही, चालू ठेवा." आणि मग माझ्याकडे वळून, सहज — "ही गोळी पोटॅशियम शरीरात अडवून ठेवते. दुसरं मीठ असतं ना मावशी, तर त्याच दिवशी बंद करायला लावलं असतं. पोटॅशियम फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं."

हृदय बंद पडू शकतं.

थोरली मात्र निवांत शेंगदाणे सोलत होती! तिला काय माहीत. दर रविवारी स्वतःच्या हाताने मी तिच्या ओट्यावर काय ठेवत होते!

मी उठून तिची बरणी उचलली. "मुंग्या झाल्यात," म्हटलं. हिरव्या पाकिटातलं मीठ एका वाटीत काढून ठेवलं आणि बरणी घेऊन खाली पळाले. मोरीत ओतली. मागून चष्मेवाली आली तर मी नळ सोडून रडतेय. सगळं सांगून टाकलं. पोरगी आधी पांढरीफटक पडली, मग अशी चिडली माझ्यावर! "मावशी, हा खेळ आहे का? मीठ म्हणजे तुम्हाला साखरफुटाणे वाटले?" बोल बाई, बोल. जेवढं बोलशील तेवढं कमीच आहे.

पण बोलता बोलता फोनही लावत होती. तासाभरात केंद्रातली नर्स यंत्र घेऊन आली. जिना उतरवायला नको म्हणून सगळं वरच केलं. हृदयाचा आलेख काढला, तो बरा आहे म्हणाली. रक्त नेलंय. नक्की काय ते त्यातच कळेल. थोरलीला म्हटलं, अभ्यासाचीच नेहमीची तपासणी आहे. तिने एकदा माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "धाकटे, इथे बस जरा. सुई मला टोचतायत, तू का रडतेस?"

मी तिचा हात धरून बसले. बारीक झालाय हात. देवा, काहीही कर, पण हिला काही होऊ देऊ नकोस. मला कुणी नाही रे दुसरं, ज्याच्याशी भांडता येईल.

त्याच दिवशी, झोपायच्या आधी

चष्मेवालीचा फोन. पोटॅशियम अगदी बरोबर! जिथे असायला हवं तिथेच! पोरगीही रडत होती बहुतेक, नाक ओढत होती. मग म्हणाली, "पण मावशी, हे कसं शक्य आहे? तुम्ही खरंच दर रविवारी देत होतात ना?"

देत होते गं बाई. या हाताने देत होते. तिला कोडं पडलंय, मला नाही. वाचली ना? बास!

१६ मार्च

आज रविवार. वर गेले, वेणी घातली, पण कबूल करायला धीर झाला नाही. दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "जांभया काय देतेस?" उद्या रजा टाकते. उद्या सांगायचंच.

१७ मार्च

कामावर गेले नाही. स्वयंपाकघरात बसून मनाशी वाक्यं जुळवत होते. अकराच्या सुमाराला माझ्या दाराला किल्ली लागली. चोर म्हणून लाटणं घेऊन धावले, तर दारात थोरली! एका हातात काठी, एका हाताने भिंत धरलेली. वर्षभर जिना न उतरलेली थोरली!

मला बघून तीही दचकली. "तू घरात? बरं झालं. माझी बरणी दे. मुंग्या म्हणे! आणि यापुढे तुझी बरणी माझ्या ओट्यावर ठेवायची नाही. पहिल्याच दिवशी चवीवरून कळलं मला. दर सोमवारी तू कामाला गेलीस की जादा किल्ली घेऊन उतरते, बदलते आणि चढते. मला जे व्हायचं ते होऊन गेलंय. तुझ्या आईला असाच झटका आला होता, विसरलीस? चांगलं मीठ तूच खायचंस."

"पण ताई, जिना? पाय?"

"आधी पायऱ्यांवर बसत बसत उतरायचे. आता येते चालत. तुझीच कृपा."

मी तिथेच दारात तिच्या गळ्यात पडून रडले. ती म्हणाली, "लाटणं बाजूला ठेव आधी, लागतंय."

चष्मेवालीला फोन केला. म्हणाली, मोठ्या डॉक्टरांना सांगते सगळं, ते रागावतील आणि मग हसतील. एकत्र स्वयंपाक चालेल का ते विचारलं. चालेल, पण मीठ न घालता, आणि ज्याने त्याने आपापलं मीठ वरून घ्यायचं.

थोरली वर गेलीच नाही. दुपारी एकाच टेबलावर जेवलो. अळणी भाजी, आणि दोघींपुढे दोन बरण्या. तिच्या बरणीला मी लाल दोरा बांधलाय, काजाचा.