घोड्याच्या यंत्राचे सुटे भाग

१२ जुलै २०१६, सलालाह, ओमान
अर्बाबने, म्हणजे आमच्या मालकांनी, इंग्लंडमधल्या लिलावात घेतलेलं यंत्र आज वर्कशॉपला आलं. गवत कापायचं, घोड्यांनी ओढायचं. दोन लोखंडी चाकं, वर भोकाभोकांची सीट, बाजूला जमिनीलगत पसरलेली पात्यांची लांब पट्टी. सगळं गंजलेलं. आमचे वेल्डर जहूरचाचा, श्रीवर्धनचे, भोवती एक फेरी मारून म्हणाले, "अगं सोनल, उंटाला अल्लाने तोंड दिलंय की! ही कातर कशाला?"

अर्बाब बाबांना म्हणाले, "भिकाजी, आधी हे नवं करून दाखव, मग तुझ्या व्हिसाचं बघू. इन्शाल्ला." बाबांचा व्हिसा नोव्हेंबरात संपतो. आई आणि मी बाबांच्याच व्हिसावर. म्हणजे प्रश्न सुटला. सुटे भाग शोधायचं काम माझं, आणि पुढचं सगळं आधीच दिसतं हा माझा गुण आहे.

संकल्प : विनाकारण काळजी करायची नाही.

१३ जुलै
काळजी. चाक फिरलं की पाती आपोआप चालू होतात. ती थांबवायचा खटका पार झिजलाय. घोडा बुजला तर? सीटवरचा माणूस पुढे पडला तर थेट पात्यांच्या तोंडी. आणि सीटवर बसणार बाबा. डबा तसाच परत नेला.

मापं मात्र चोख घेतली. नऊ वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही. गावाबाहेर फार्मवर राहायचो. आईने अक्षरं शिकवली, बाबांनी पान्यांवर अपूर्णांक. पाच-अष्टमांश इंच मला नुसत्या बोटांना कळतो.

२१ जुलै
अमेरिकेतले एक आजोबा फक्त अशाच यंत्रांचे भाग विकतात. मेल आठवड्यातून एकदा बघतात, लायब्ररीत जाऊन. त्यांनी विचारलं, घोडे कोणत्या जातीचे? अर्बाबचे घोडे रेसचे, त्यातला एक लंगडतोय. खोटं कशाला लिहा. लिहिलं : घोड्यांचं नक्की नाही, उंट चालेल का?

२८ जुलै
आजोबांचं उत्तर : उंट जुंपलेला कधी पाहिला नाही, पण फोटो जरूर पाठवा.

पात्यांपर्यंत ताकद नेणारा एक दांडा असतो, तो मुद्दाम लाकडाचा. पाती दगडात अडकली की तो आधी मोडतो, बाकीचं यंत्र वाचतं. मी लोखंडाचा करू म्हणत होते. बाबा म्हणाले, "भक्कम केलास तर सगळंच फुटेल, बाळा." दोन मागवले. एक मोडायला.

९ ऑगस्ट
स्टोअरचा रमण केरळला गेला, कायमचा. व्हिसा रद्द. त्याचं कामात लक्ष नसायचं हे खरंच. त्याच्या जागी कुणाला घेणार नाहीत म्हणे. म्हणजे अर्बाबचा आमच्यावर विश्वास आहे.

खरीफ सुरू आहे, म्हणजे इथलं धुकं आणि भुरभुर. समोरची नारळाची झाडं दिसत नाहीत. गेटमधून आत कोण येतंय ते अगदी जवळ आल्यावर कळतं. आज दोन माणसं अशीच उगवली आणि टेपने शेडची लांबी-रुंदी घेऊ लागली. मी सलाम केला. त्यांनी केला नाही. शेड वाढवणार असतील.

१७ ऑगस्ट
कॉम्प्रेसर विकला. ट्रक गेल्यावर जहूरचाचांनी विचारलं, "पोरी, तुला काही दिसतंय का?"
मी म्हटलं, हो, खटक्याची स्प्रिंग उलटी बसलीय.
त्यांनी वाकून पाहिलं. स्प्रिंग खरोखर उलटी होती.

३० ऑगस्ट
आजोबांचा खोका आला, पण कस्टममध्ये अडकला. पाती बघून तिथल्या साहेबांनी फोनवर विचारलं, ही हत्यारं आहेत का? मी विचार करून खरं ते सांगितलं : कुणी मध्ये आलं तर, हो. बाबांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला.

७ सप्टेंबर
खोका सुटला. खटका नवा, पाती नवी, दांडा सुरेख. आता काळजीचं कारण नाही. तरी "चालत्या यंत्रासमोर उभे राहू नये" अशी पाटी मराठी, हिंदी, इंग्रजीत लिहून टांगली. अरबी जहूरचाचांनी लिहून दिलं. वाचायला आम्ही तिघंच उरलोय.

अर्ध्या शेडची वीज तोडलीय. काटकसर. बाबांचा पासपोर्ट अर्बाबने मागवून घेतला. व्हिसा वाढवायचा तर पासपोर्ट लागणारच. रमणचाही असाच मागितला होता, पण ती गोष्ट वेगळी.

आईला हे सगळं नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तू जेवून घे आधी."

२४ सप्टेंबर
धुकं गेलं. आज चाचणी. लंगडा घोडा बरा झालाय, दोन्ही जुंपले. बाबा सीटवर चढले. मी बँडेज, टिंचर आणि पाण्याची बादली घेऊन उभी.

आणि यंत्र चाललं! कट-कट-कट-कट असा बारीक आवाज, आणि गवत एका अंगाला आडवं होत गेलं. बाबा हसत होते. त्यांना असं हसताना मी शेवटचं कधी पाहिलं ते आठवेना. शेताच्या टोकाला त्यांनी खटका ओढला आणि पाती जागच्या जागी थांबली. जहूरचाचांनी शिट्टी मारली.

अर्बाब गाडीतच होते, फोनवर. काच खाली करून एवढंच विचारलं, "यंत्राची उंची किती?" मी इंचांत सांगितली. प्रभाव पडला.

४ ऑक्टोबर
अर्बाब आले. बाबांना मिठी मारली, "माशाल्ला, भिकाजी!" म्हणाले. मग सांगितलं. वर्कशॉप बंद. शेडमध्ये कॉफी शॉप होणार, पुतण्या चालवणार. यंत्र दारात चौथऱ्यावर ठेवायचं, सोनेरी रंग देऊन. पोरंसोरं चढणार, तेव्हा चाकं, पाती, खटका, सगळं वेल्ड करून टाका. यल्ला, चला, या आठवड्यात.

जहूरचाचा म्हणाले, "मी नाही करत. हात झडला तरी नाही."

बाबांनी त्यांच्या हातातून वेल्डिंगचा होल्डर घेतला. म्हणाले, "दुसरा कुणी येऊन घाण करील, जहूर." आणि पाती एकेक करून बंद केली. मी शेजारी काळी काच धरून बसले. जिथे जिथे अपघात होऊ शकला असता ती प्रत्येक जागा मीच दाखवली. एकही सुटली नाही.

६ ऑक्टोबर
काम इतकं सफाईदार झालंय की अर्बाब विचार बदलणारच. असा माणूस कुणी सोडतं का? उद्याची भारतात परतायची तिकिटं आहेत, पण तिकिटं बदलता येतात. म्हणून आईला सांगितलं, सगळंच बांधू नकोस, रोजच्या वापराचं राहू दे, निदान मिक्सर तरी.

मिक्सर तिने गेल्याच महिन्यात शेजारच्या शकीलाबाईंना देऊन टाकला होता.