बाबांना लावलेले शब्द

रविवार, ८ जानेवारी १९५६

डल, ग्लूमी, सलन, मोरोज, लिस्टलेस — एका बैठकीत पाठ! शाब्बास अंबिकाबाई!

गंगाधर मास्तर म्हणाले, टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीच्या मुलाखतीत साहेब उलट शब्द विचारतो. "चिअरफुल, लाइव्हली कोणालाही येतं. त्याच्या उलट काय ते सांगता आलं पाहिजे." मास्तर वरच्या मजल्यावर राहतात, रात्रशाळेत शिकवतात, मला फुकट शिकवतात. त्यांची युक्ती अशी — शब्द घोकायचा नाही, ओळखीच्या माणसाला लावून बघायचा. मग जन्मात विसरत नाही.

मी निघाले चाळभर माणसं शोधायला. कशाला पण? सगळे शब्द आमच्याच खोलीत बाकड्यावर बसलेत, विडी ओढत. बाबा!

सलन म्हणजे रागाने तोंड मिटून बसलेला. मोरोज म्हणजे आंबट चेहऱ्याचा, कुणाशी बोलणं नको. लिस्टलेस म्हणजे कशातच जीव नाही. घ्या! मास्तरांना सांगितलं तर ते हसले, मग म्हणाले, "वडील आहेत गं." असू देत. मी कुठे खोटं लावलंय?

बुधवार, ११ जानेवारी

मुलाखत ३० तारखेला, फोर्टात. लागले तर हेडफोन लावून बसायचं! "नंबर प्लीज!" दिवसभर तेच चाललंय. आये म्हणाली, "येड लागला काय गो?"

आयेला विचारलं, जाऊ ना? ती म्हणाली, "बापाशीक इचार." झालं. शिमग्याला धोंडूमामा राजापूरहून स्थळ घेऊन येतोय. बाबांनी त्याआधी हो म्हटलं नाही तर मी चालले भाताची रोपं लावायला.

संध्याकाळी विचारलं. म्हणजे पडद्याआडून. आमच्याकडे मोठी मुलगी बापाच्या समोर उभी राहून बोलत नाही, काकू तर त्यांच्यासमोर अजून डोक्यावरचा पदर सोडत नाही. मी पडद्याआडून सगळं सांगितलं, पगारासकट. नुसती विडीची फुंकर.

सलन! सलन! सलन!

शनिवार, १४ जानेवारी — संक्रांत

आज मुद्दाम पाया पडताना विचारलं. सणाच्या दिवशी कोण नाही म्हणतं? पायावर डोकं ठेवून, तिथेच, घाईघाईने — बाबा, मी मुलाखतीला जाऊ का? त्यांनी डोक्यावर हात ठेवला. तिळगूळ तोंडात टाकला. उठून बाहेर गेले.

आत जाऊन रडले. रडताना एक नवीन शब्द आठवला, डिस्मल, म्हणजे उदासवाणा. तोही दिला त्यांना.

राग याचा येतो की आयेशी बरोबर बोलतात! दोघांची साचेखात्यातली बोली — आवाज नाही, नुसते ओठ हलवायचे. बाबा गिरणीत मागावर, आयेही लग्नाआधी तिथेच होती, तेव्हापासूनची सवय. मागांच्या धडधडाटात तसंच बोलतात म्हणे सगळे. घरात कसला धडधडाट? मला कळू नये म्हणून, दुसरं काय.

मंगळवार, १७ जानेवारी

मुंबई महाराष्ट्राला नाही, केंद्राकडे! काल रेडिओवर सांगितलं. खालच्या खोलीतल्या बुधाजीकाकांच्या रेडिओपुढे अख्खी चाळ उभी होती. आणि असा गलका उठला! आज गिरण्या बंद, दुकानं बंद, लालबागचा रस्ता माणसांनी भरलाय. मी गॅलरीतून घोषणा देऊन देऊन घसा बसवला. टेलिफोनवाल्या बाईने असं करू नये, पण राहवतंय कोणाला!

आणि बाबा? काल रेडिओपुढे मागच्या रांगेत उभे. सगळे पेटले तेव्हा हे शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघत होते. मग हळूच घरी. लिस्टलेस.

गुरुवार, १९ जानेवारी

अक्षर वाकडं येतंय. लिहिणारच.

सकाळी बाबा बाटली घेऊन रॉकेल आणायला बाहेर पडले. आयेने अडवलं तरी गेले. चिंचपोकळीच्या नाक्यावर पोलीस. मोर्चा समोरून आला. शिट्टी झाली, लोक ओरडले पळा पळा, आणि गोळ्या! बुधाजीकाका पानाच्या ठेल्यामागे लपले होते, त्यांनी सगळं बघितलं. वर येऊन धापा टाकत सांगत होते — "रस्ता रिकामा झाला. एकटा कोंडीराम चालतोय. मागे वळला नाय, वाकला नाय. बाटलीतलं रॉकेलसुद्धा हिंदकळलं नाय. बंदूकवाले बघतच राहिले. काय छाती म्हणायची!"

माझे बाबा!

बाबा आले, बाटली ठेवली, पाय धुतले, विडी पेटवली. जसं काही घडलंच नाही!

शुक्रवार, २० जानेवारी

सगळे शब्द खोडले. मास्तरांकडे धावत गेले, म्हटलं याच्या उलट द्या. त्यांनी दिले — ब्रेव्ह, फिअरलेस, अनडॉन्टेड. अनडॉन्टेड म्हणजे न डगमगणारा. तोंडात घोळवत जिना उतरले. बापरे, काय शब्द आहे!

आणि मी या माणसाला मोरोज म्हणत होते. लाज वाटते. पण आनंद जास्त होतोय, खरं सांगते. नळावर बायका मला आधी पाणी भरू देतात. कोंडीरामची पोरगी!

मंगळवार, २४ जानेवारी

गॅलरीत सत्कार झाला. फुलं मिळेनात, मग बुधाजीकाकांनी सुताच्या लडीचा हार घातला. दोन शब्द बोला म्हणून आग्रह केला. बाबा आयेकडे बघत राहिले. आयेने ओठ हलवले. बाबांनी नुसते हात जोडले. काय टाळ्या पडल्या! बुधाजीकाका म्हणाले, वाघ कधी बडबडतो काय?

मला तर पटलं. आये मात्र डोळे पुसत होती, आणि ते आनंदाचं वाटलं नाही.

रविवार, २९ जानेवारी

उद्या मुलाखत. आज म्हटलं, बाप गोळीला वळला नाही आणि मी पडद्याआडून बोलू? गेले. समोर उभी राहिले, जन्मात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघून विचारलं — मी जाऊ?

लगेच म्हणाले, "जा मगे. नको कोण म्हणता?"

म्हटलं, इतक्या वेळा विचारलं! संक्रांतीला, पाया पडताना!

ते माझ्या ओठांकडे बघत होते. "तेवा तुजा तोंड खाली होता, बाय."

मग मला कळलं — मागांनी बाबांचे कान नेलेत. चिंचपोकळीचं विचारलं. म्हणाले, कायतरी वाजल्यासारखं वाटलं खरं. कोणीतरी दुकानाच्या फळ्या लावत असेल.

उद्या मला पोचवायला बाबाच येणार आहेत. रस्त्यात हात मी धरणार.