ट्रकच्या विजेवर बाबांचं मशीन

मयुरेश,

तुझ्या बाबांना घेऊन सखीरच्या वाळवंटात निघालेय. कॅम्पिंगचा ट्रेलर आपल्या हायब्रिड पिकअप ट्रकला जोडलाय. भाड्याचा जनरेटर आणू नकोस. बाबांचं रात्रीचं श्वासाचं मशीन, फ्रिज, दिवे, सगळं काल ट्रकच्याच प्लगवर चालवून बघितलं. झकास चाललं.

ऑफिस सुटलं की थेट ये. ट्रकची बॅटरी उतरली की ती भरायला इंजिन आपोआप सुरू होतं. मागच्या वेळी पेट्रोल वाचवायला धावत जाऊन ते बंद केलंस आणि अंधार करून ठेवलास. या वेळी हात लावायचा नाही.

तुला विचारलं नाही, कारण तू नकोच म्हणाला असतास. आई गेल्यापासून बाबा घराबाहेर पडले नव्हते. आज सखीरचं नाव काढलं, तर त्यांनी बूट मागितले. मी पॉलिश करून दिले.

इरावती