दुसऱ्यानं बघितलं का?

३ ऑक्टोबर, गुरुवार
घट बसले. अखंड दिवा लागला. आता दसऱ्यापर्यंत दिव्यापाशी कुणीतरी हवंच. तेलाचा मोठा डबा आणला – देवीपुढं काटकसर न्हाई!

४ ऑक्टोबर
सुकन्याचा नांदेडहून फोन. रविवारी बिलोलीचे पाहुणे तिला बघायला इथं लातूरला येणार, आणि ही म्हणते, "आई, आठवडाभर माझी ड्यूटी लागलीय. न्हाई जमणार." तिचं विद्यापीठात संशोधन चालू हाय. आभाळात कुठं किरणांचा झोत उठला की उपग्रह टिपतो, कम्प्युटरवर खबर येते. ती खबर तपासायला माणूस बसून लागतो.

हे भडकले. "आभाळ कुठं पळून चाललंय? पाहुणे चाललेत!" लेकीशी बोललेच न्हाईत.

मी एवढंच म्हटलं, "मागच्या नवरात्रात दिवा सोडून मी किल्लारीला भाचीच्या बारशाला गेले न्हाई, तवा तुम्हीच म्हणालात, बरोबर केलंस." यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

६ ऑक्टोबर, रविवार
पाहुण्यांना नको म्हणून कळवलं. सुकन्याचा फोन आला तर हे उठून अंगणात.

८ ऑक्टोबर
सुकन्याला कम्प्युटरवर झोत दिसला!! दोन सेकंदसुद्धा टिकला न्हाई म्हणे. दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले असतील – तवा पृथ्वीवर माणूससुद्धा नव्हता – आणि ते किरण आत्ता पोचले! डोळ्याला दिसत न्हाईत, हवेतच अडतात, म्हणून वर उपग्रह. मी लगेच देवीपुढं साखर ठेवली. ती म्हणाली, "आई, वाटू नको अजून. यंत्राचाच दोष असेल. दुसऱ्या उपग्रहानं बघितलं असलं तरच खरं."

यांना सांगितलं. "दोन सेकंदांपायी स्थळ घालवलं!"

१० ऑक्टोबर
हसू आवरत न्हाई. यांना दिव्यापाशी बसवून फुलं आणायला गेले. येते तर हे दारात. "अगं, वात एकदम भडकली! केवढी! आणि लगेच होती तशी!"
"डुलकी लागली असेल."
"देवीशपथ!"
"कुणी बघितलं?"
शेजारच्या बानोआपा साडीला फॉल लावून घेऊन आल्या होत्या. "हाव वैनी, म्या बी बघितलं, हितं दारातून."
यांचा जीव भांड्यात पडला. आपा गेल्यावर यांनी दिव्यात तेल घातलं. मग माझ्याकडं न बघता –
"तिचं... दुसऱ्यानं बघितलं का?"
"तुम्हीच विचारा की."
न्हाई विचारलं.

११ ऑक्टोबर
सुकन्याचा मेसेज. दुसऱ्या उपग्रहानंही बघितलं, त्याच क्षणी! यांनी चष्मा लावून वाचला. पुन्हा वाचला. मी साखर वाटली – पहिली बानोआपांना.

१२ ऑक्टोबर, दसरा
सोनं धाकट्यांनी मोठ्यांना द्यायचं, पाया पडायचं. सकाळी उठले तर ताटातली आपट्याची पानं कमी! आणि हे घरात न्हाईत. पहाटेच्या एसटीनं नांदेडला गेलेत – बाप लेकीला सोनं द्यायला.